तरुण पाणी

४ फेब्रुवारी, सकाळी

चिंगे,

काल तू मला ‘मॅडम’ म्हणालीस.

भर सभागृहात, हातात माईक घेऊन, थेट माझ्या डोळ्यांत बघून. “मॅडम, तुम्ही पाण्याच्या तज्ज्ञ आहात असं समोरच्या पाटीवर लिहिलंय, तर मला एक सांगा.” पुढचं मला ऐकूच आलं नाही. आधी वाटलं, तुझ्यासारखी दिसणारी कुणीतरी असेल. मग तू मनगटाने चष्मा वर ढकललास. तसा चष्मा जगात दुसरं कुणी ढकलत नाही.

तू तिथे कशी? आठ वर्षं मी समजत होते की तू अजून समुद्राकाठी, वीज केंद्राच्या वसाहतीत राहतेस. पत्रं परत यायची, फोन लागायचा नाही, तरी मी आपली मनाशी म्हणायचे, राग आहे, उतरेल. आणि तू इथे, डोंगरातल्या या बंद पडलेल्या दगडखाणीच्या गावात, पहिल्या रांगेत!

आमची समिती कशासाठी आली होती ते तुला माझ्याहून जास्त माहीत दिसतंय. अणुवीज केंद्रांतला कचरा हजारो वर्षांसाठी कुठे पुरायचा हे सरकारला ठरवायचंय, आणि सरकारचं किंवा केंद्रं चालवणाऱ्या कंपनीचं मीठ न खाल्लेली माणसं म्हणून आम्हाला सल्ला विचारलाय. नियम एकच, आणि तो आम्हीच भांडून घातलाय: कुठल्याही गावावर सक्ती नाही. गावाने स्वतः पुढे यायचं, आणि शेवटची सही होईपर्यंत गावाला मागे फिरायची मुभा. मी इतकी गावं पाहिली, सगळीकडे आमच्या गाडीपुढे लोक आडवे झोपले. इथे तुम्ही आमचं स्वागत केलंत. तेव्हाच मला काहीतरी विचित्र वाटत होतं.

मग तू बोललीस. ते मात्र मी शब्द न् शब्द ऐकलं.

“भीती वाटत नाही का, असं जो तो विचारतो. तो कचरा आज कुठे आहे ते कुणी विचारत नाही. समुद्राकाठी एका शेडखाली आहे, पोहायच्या तलावासारख्या टाकीत. माझा माणूस त्या टाकीवर पाळी करायचा. तात्पुरता ठेवलाय म्हणून त्याला सांगितलं होतं. तो नोकरीला लागला तेव्हाही तात्पुरता होता, तो गेला तेव्हाही तात्पुरताच होता. कुठेतरी नीट गाडायलाच हवा ना? मग आमच्याकडे का नको? आमच्याकडे खडक आहे आणि हाताला काम नाही.”

टाळ्या थांबेनात. तेवढ्यात तुझ्या शेजारचे दणकट गृहस्थ, तुमचे नगराध्यक्ष, उठले आणि म्हणाले, “माझं भाषण माझ्या बायकोनेच खाऊन टाकलं. आता मी काय बोलू?” सगळे हसले. मी पाण्याचा पेला उचलला होता, तो अर्धा मांडीवर सांडला. बायको! तू लग्न केलंस आणि मला ते एका सरकारी सुनावणीत कळतंय, तेही विनोद म्हणून.

तुझ्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं, आठवतंय? “प्रश्न चांगला आहे.” एवढंच. शेजारच्या प्राध्यापकांनी माझ्या वतीने काहीतरी सांगितलं.

तुझा नंबर मागायचा धीर झाला नाही. पत्ता मात्र सभागृहाच्या शिपायाने न विचारता दिला, नगराध्यक्षांचं घर कोण ओळखत नाही! म्हणून हे पत्र. तू माझी बहीण आहेस हे आज मी आमच्या जज्जसाहेबांना सांगणार आहे. ते समितीचे प्रमुख, निवृत्त न्यायाधीश. लपवण्यात अर्थ नाही.

ताई


२० फेब्रुवारी, दुपारी

चिंगे,

तुझी चिठ्ठी आली. “कुणाला सांगू नकोस. इथे कुणाला ठाऊक नाही.” बस, एवढंच. खाली नावसुद्धा नाही.

उशीर झाला होता. जज्जसाहेबांना मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “सख्खी?” म्हणाले. मी म्हटलं, सख्खी, एकाच ताटात जेवलेली. ते म्हणाले, “माझा भाऊ वकील होता. त्याचा खटला आला की मी तो दुसऱ्या न्यायाधीशाकडे पाठवायचो. पण पाण्याचा दुसरा न्यायाधीश आपल्याकडे नाही. तुम्ही पाणी तपासा. या गावावर मत देऊ नका. आणि हे सगळं इतिवृत्तात जाईल.” मी तुला पत्रं लिहिते हेही त्यांना माहीत आहे. तेव्हा आपल्यात चोरटं काही नाही.

आता परवाचं. माझ्या बाजूने ते कसं झालं हे तुला कळायला हवं, कारण तू स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत निम्मं घडून गेलं होतं.

सकाळी आम्ही खाणीपलीकडच्या शेडमध्ये होतो. खोल भोकं पाडून काढलेल्या खडकाच्या कांड्या तिथे लाकडी खोक्यांत ओळीने मांडल्यात, गुळगुळीत, राखाडी, एकेक हातभर लांब. खडक बघायला देखणा आहे, खरंच. मग मी तळाच्या पाण्याचे नमुने घेतले, बाटल्या बंद केल्या आणि दुपारी तुमच्या दारात आले. तुझ्या नवऱ्याला तरी माझ्याबद्दल ठाऊक असेल, असं मी धरून चालले होते.

दार तुझ्या नवऱ्याने उघडलं.

“समितीच्या मॅडम ना? या, या! बसा!”

“मी चिंगीची बहीण.”

“कुणाची?” त्यांनी उजवा कान पुढे केला. खाणीत सुरुंग लावता लावता डावा कान गेला, हे मला मागाहून कळलं.

मी ओरडलेच. “तुमच्या बायकोची! मोठी बहीण! ताई!”

त्यांचा चेहरा असा झाला, काय सांगू. दाराची कडी धरून ते उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “पण तिची ताई तर वारली.”

आणि मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. उलटे आहेत की काय ते बघितलं असावं.

मी उंबऱ्यातच बसले. तुझ्या घरी येऊन मी उंबऱ्यात बसले. ते बिचारे आत धावले, पाणी घेऊन आले, माझ्याशेजारी जमिनीवर बसले. म्हणाले, “लग्नाआधीच सांगितलं होतं तिने. कशाने गेल्या ते मी विचारलं नाही. फार रडत होती हो.”

रडत होतीस? मी मेले असं खोटं सांगताना तू खरंखुरं रडलीस?

मग तू आलीस, ओले हात पदराला पुसत. मला बघून थबकलीस आणि ओरडली नाहीस, रडली नाहीस, नवऱ्याला म्हणालीस, “जिवंत आहे पण बोलत नाही, हे सांगायला फार वेळ लागतो. मेली म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही.”

पुढे तू त्यांना सगळं सांगितलंस आणि मला ते तिथे बसून ऐकावं लागलं. कॅप्टनशी पहिलं लग्न, मग त्याला झालेला रक्ताचा आजार, वर्षभरात तो गेला. (कॅप्टन म्हणजे केंद्राच्या व्हॉलीबॉल संघाचा, हेही तुला त्यांना समजवावं लागलं. ते म्हणाले, “मला वाटलं, जहाजावर होता.”) आजार टाकीवरच्या कामामुळे झाला असं तुला सिद्ध करायचं होतं. मी तेव्हा किरणोत्सर्गाच्या मोजणीचंच काम करायचे. तू कागद घेऊन आलीस, मी वाचला, अंगाला किती किरण लागले ते मोजणाऱ्या त्याच्या छातीवरच्या बिल्ल्याच्या नोंदी पाहिल्या आणि सही केली नाही. “नोंदींवरून तसं म्हणता येत नाही” असं तुला सांगितलं आणि कोर्टाने विचारलं तेव्हा कोर्टालाही तेच सांगितलं. तू हरलीस.

तू ते असं सांगितलंस जणू माझ्याऐवजी कुणी दगड बसला होता त्या घरात. चिंगे, मी खोटं लिहिलं नाही. आज पुन्हा तो कागद आणलास तरी नाही लिहिणार. हे वाचून तुझ्या कपाळावरची शीर उठेल, उठू दे.

चहा मात्र तू दिलास, बिनसाखरेचा. मला साखर चालत नाही हे तुला कुणी सांगितलं? की मुद्दाम नाही घातलीस?

ताई


१८ मार्च, दुपारी

चिंगे,

पाण्याचे निकाल आलेत. अहवाल सरकारकडे जाऊन प्रसिद्ध होईपर्यंत त्यातलं अक्षरही बाहेर बोलायचं नाही, असा आमचा नियम आहे, म्हणून यापुढे काही दिवस लिहिणार नाही. रागावू नकोस. रागावशीलच.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो. प्रयोगशाळेची लिफ्ट बंद आहे आणि मी जिने चढताना ज्याने ती बसवली त्याच्या सात पिढ्या आठवते. गॅलरीतल्या कुंड्यांना कीड लागलीय, जाते न् परत येते.

तुझे यजमान म्हणत होते, खाणीचं जुनं गोदाम पाडून तिथे कामगारांसाठी वसतिगृह बांधायचंय. उत्साही माणूस आहे, मला आवडला. त्यांना सांग, गोदामाच्या भिंती पाडायची घाई करू नका.

हे शेवटचं वाक्य मी खोडायला हवं. खोडत नाही.

ताई


९ एप्रिल, संध्याकाळी

चिंगे,

तुम्ही सगळे आज फटाके वाजवत असाल. हे पत्र हातात पडेल तेव्हा जरा बसून वाच.

मी आज दाताच्या दवाखान्यात होते. दाढ काढायची म्हणून डॉक्टरांनी सुई टोचली आणि बधिर व्हायला बाहेर बाकावर बसवलं. भिंतीवर टीव्ही चालू होता. अर्धं तोंड माझं नाहीसं झालेलं, जीभ लाकडाची, आणि समोर मंत्रिमहोदय. तुमच्या गावाचं नाव घेतलं. म्हणाले, अणुकचऱ्याच्या कायमच्या साठवणीसाठी याच गावाची निवड झाली आहे. “स्वतंत्र तज्ज्ञांच्या समितीने एकमताने हिरवा कंदील दाखवला आहे.”

एकमताने!

मी उठून उभी राहिले. “खोतं!” मी ओरडले. “खोतं आहे हे!” ओठ बंदच होईनात. सगळे बघायला लागले. काउंटरवरची मुलगी धावत आली, “दुखतंय का मॅडम?” मी टीव्हीकडे बोट दाखवत होते आणि ती बिचारी आवाज कमी करत होती. दाढ तशीच ठेवून मी बाहेर पडले. अजून दुखतेय.

जज्जसाहेबांना फोन लावला. जिन्यात शेजाऱ्याने त्यांचं अभिनंदन केलं तेव्हा त्यांना कळलं होतं. त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. म्हणाले, “आयुष्यभर मी निकाल लिहिले. ते फिरवले गेले, रद्द झाले. पण माझ्या नावावर उलटा निकाल वाचून दाखवायची हिंमत कुणी केली नव्हती.” मग म्हणाले, “गुप्तता खऱ्या अहवालाला असते. या खोट्याला नाही. तुम्हाला बोलायचं असेल तर बोला, मी मागे उभा आहे.”

तर ऐक. मी तुला मागच्या महिन्यातच सांगायला तडफडत होते.

कचरा पुरायचा तो अशा खडकात, जिथे पाणी हलत नाही. तळाशी जे पाणी असतं ते इतकं जुनं असावं लागतं, की माणसाची जात जन्मायच्या आधीपासून तिथे पडून आहे. पाणी म्हातारं असेल तर खडक घट्ट. तुमच्या खडकातलं पाणी म्हातारं आहेच. पण त्यात तरुण पाणी मिसळलंय. गेल्या साठ-सत्तर वर्षांत पडलेल्या पावसात अणुबॉम्बच्या चाचण्यांची एक खूण असते, ती त्यात सापडली. म्हणजे वरचं पाणी कुठल्या तरी भेगेतून पार खालपर्यंत पोहोचतंय. आणि जे पाणी खाली जातं ते कधीतरी वर येतं. उद्या नाही, तुझ्या हयातीत नाही. पण येतं. तुमच्या विहिरींत येतं.

मी एका नमुन्यावर विसंबले नाही. दुसऱ्या भोकातलं पाणी घेतलं, दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवलं. तेच आलं. बैठकीत खात्याचे सचिव म्हणाले, “भोक पाडताना वापरलेलं पाणी मिसळलं असेल, मॅडम.” मी म्हटलं, त्या पाण्यात आम्ही मुद्दाम रंग घालतो, तो नमुन्यात नाही. मग म्हणाले, “तर ‘अधिक अभ्यासाची गरज’ असं लिहू या ना. कशाला उगाच?” मी मत देणार नव्हते, पण बाकी सगळ्यांनी ते धुडकावलं. “जागा अयोग्य,” असं जज्जसाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. ते आज मंत्र्याच्या तोंडून ‘एकमताने हिरवा कंदील’ होऊन बाहेर आलं.

सही व्हायची आहे अजून. मागे फिरायची मुभा अजून आहे. मी येतेय. सभा बोलवायला तुझ्या नवऱ्याला सांग. तुझा विश्वास बसणार नाही, माहीत आहे. आधीच तुझं एक काम मी केलं नव्हतं, आता हे दुसरंही हिरावून घ्यायला आले असं तुला वाटेल.

ताई


२ मे, सकाळी

चिंगे,

परतीच्या बसमध्ये मी नुसती बसून होते. शेजारच्या बाईने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. काय सांगणार तिला?

माझ्याकडून सांगते. तू तिथेच होतीस, पण तू पाठमोरी उभी होतीस, तुला लोकांचे चेहरे दिसत होते, माझा नाही.

मी पाण्याचं सगळं सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं. कुणी ऐकून घेतलं, कुणी नाही. मागून एक बाई म्हणाली, “आमच्या पोरांना काम मग तुम्ही देणार का?” मी पुढचा कागद उलटला. तुझे यजमान टेबलावर कोपरं टेकून, उजवा कान माझ्याकडे करून बसले होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. गोदामाची एक भिंत त्यांनी पाडलीच होती म्हणे.

मग कंपनीचा तो जनसंपर्क अधिकारी उठला. कडक इस्त्री, गोड आवाज. मला वाटलं, रंगाचं विचारेल, भोकांचं विचारेल, मी तयारीत होते. तो म्हणाला, “मंडळी, या मॅडम कोण आहेत, तुम्हाला सांगितलंय का कुणी? या नगराध्यक्षांच्या सख्ख्या मेव्हणी. दोघी बहिणी वर्षानुवर्षं बोलत नाहीत. का? तर धाकटीचा नवरा गेला, ती पदर पसरून यांच्याकडे गेली, आणि यांनी एक सही दिली नाही. कोर्टात उलट साक्ष दिली. जी बाई सख्ख्या बहिणीच्या कुंकवाच्या वेळी उभी राहिली नाही, ती तुमच्या भल्यासाठी आलीय होय?”

तो खटला त्यांच्याच कंपनीविरुद्ध होता! माझ्या ज्या साक्षीवर ते सुटले, तीच आता माझ्या तोंडावर मारत होते. सभागृहात गलका झाला. कुणीतरी “बाहेर काढा तिला” म्हणालं. मी कागद गोळा करायला लागले. खरं सांगते, मी निघाले होते.

आणि तू उठलीस.

माईक घेतला नाहीस. तशीच पुढे आलीस, माझ्या आणि लोकांच्या मध्ये उभी राहिलीस. मला फक्त तुझा अंबाडा दिसत होता आणि पांढरे झालेले केस. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता हिच्या तोंडून ऐकायचं.

तू म्हणालीस, “हे साहेब बोलले ते सगळं खरं आहे. मी हिच्या पाया पडले होते. एक ओळ खोटी लिही म्हणून. खोटी नाही, जरा इकडची तिकडे कर म्हणून. माझा माणूस गेला होता, घर जाणार होतं, आणि समोर बसलेली ही माझी आईसारखी बहीण. हिने नाही लिहिली. मी तिला मेली म्हणून सांगत फिरले. माझ्या या नवऱ्यालाही तेच सांगितलं.”

तू मनगटाने चष्मा वर ढकललास.

“आता तुम्हीच विचार करा. माझ्यासाठी जी खोटं बोलली नाही, ती तुमच्यासाठी कशाला बोलेल? हिने म्हटलं ना पाणी तरुण आहे, तर ते तरुण आहे. मला आवडत नाही ते. मलाच हवं होतं हे काम इथे. पण आहे.”

एवढं बोलून तू जागेवर जाऊन बसलीस. हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात तुझ्या नवऱ्याचा होता. त्यांनी तो इतका जोरात वर केला, की खुर्ची मागे कलंडली. मग एकेक करत बाकीचे. सगळे नाही, पण पुरेसे. गावाने संमती मागे घेतली.

मला वाटलं, तू माझ्याकडे येशील. मी दाराशी थांबले. शिपाई खुर्च्या रचायला लागला तरी थांबले. तू मागच्या दाराने निघून गेली होतीस.

ताई


१९ मे

ताई,

मला तुझ्यासारखं लांबलचक लिहिता येत नाही.

यांनी राजीनामा दिला. लोक रस्त्यात तोंड फिरवतात. खिडकीवर दगड आला एक, खाणीच्या गावात दगडांना काय तोटा. हे म्हणाले, बरं झालं, माझ्या बहिऱ्या कानाच्या बाजूने आला, झोपमोड झाली नाही. गोदामाची पाडलेली भिंत पुन्हा बांधतायत, एकटेच. मंत्री म्हणाला तांत्रिक गैरसमज झाला. तिकडे समुद्राकाठी सगळं टाकीत आहे तसंच आहे.

मी तुझी बाजू घेतली असं समजू नकोस. जे घडलं होतं ते सांगितलं. मला त्या माणसाचा संताप आला. आमचं भांडण आमचं आहे, त्याने कशाला काढावं.

मी मागच्या दाराने गेले कारण मला तुझ्याशी बोलायचं होतं आणि तिथे सगळे बघत होते.

आता विचारते. इथे कोर्ट नाही, कंपनी नाही, वकील नाही, कसले पैसे मिळायचे नाहीत. मी कुणाला सांगणार नाही, यांनाही नाही. कॅप्टन त्या कामानेच गेला का?

चिंगी


२४ मे, सकाळी

चिंगे,

तुझं पत्र काल आलं. काल लिहायला बसले नाही.

मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती गं. का सही केली नाही, नियम काय, नोंदी काय. आठ वर्षं तुझ्याशी मनातल्या मनात भांडतेय, प्रत्येक मुद्दा पाठ आहे. पण हा प्रश्न त्यात नव्हता. कोर्टाने मला विचारलं होतं, सिद्ध होतं का? मी नाही म्हटलं. कंपनीनेही तेच विचारलं, फक्त गोड आवाजात. तू तर काही विचारलंच नव्हतंस, तू सही मागितली होतीस. आणि मी इतकी घाबरले होते, की आपणहून काही बोलले नाही.

त्याच्या बिल्ल्यावर जे उमटलं ते थोडं होतं. तेवढ्याने तो आजार होत नाही, असं पुस्तकं म्हणतात. पण बिल्ला तेवढंच सांगतो जेवढं बिल्ल्याला लागलं. कॅप्टन तो रोज छातीवर लावायचा की कधी खुंटीवर राहायचा, पाण्यात वाकून काम करताना हातांना काय लागलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. आणि तो आजार टाकी कधी न बघितलेल्या माणसांनाही होतो.

मला माहीत नाही, चिंगे. असेल, नसेल. मी रोज विचार करते आणि मला माहीत नाही.

ताई